जुनं कव्हर टाकून दिलं नाहीत ना?

गेल्या अंकात गाडीच्या किल्लीवर अर्धं पान लिहिलं होतं. हल्लीच्या किल्लीत तीन वेगळ्या वस्तू असतात: कुलूप फिरवणारं पातं, इंजिनाला ओळख पटवणारी चिप आणि बटणांचं रिमोट. एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकबाईंनी या वेळी सगळं सदर किल्लीलाच देऊन टाकलं. मुंबई-नागपूरची मंडळी पत्रात ‘चावी’ लिहितात. आम्हा कोल्हापूरकडच्यांची चावी म्हणजे पाण्याचा नळ, म्हणून मी, कोल्हापुरातला किल्लीवाला, आपला किल्लीच म्हणणार. सांभाळून घ्या.

प्रश्न : आमच्या गाडीच्या किल्लीचं कव्हर फुटलं होतं. मुलाने ऑनलाइन साडेतीनशे रुपयांत घडीची किल्ली मागवली, बटण दाबलं की पातं बाहेर येतं ती. पातं इथल्याच दुकानात कापून घेतलं आणि आतली हिरवी प्लेट नव्या कव्हरमध्ये बसवली. आता रिमोटने दारं उघडतात, किल्ली फिरते, पण इंजिन लागत नाही. मेकॅनिक म्हणतो फ्युएल पंप गेला, साडेचार हजार होतील. मुलगा बंगळूरला परत गेला. काय करू?
— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, पंपाला अजून हात लावू देऊ नका. आधी एक सांगा, फुटलेलं जुनं कव्हर टाकून दिलं नाहीत ना? दिलं असेल तर घंटागाडी यायच्या आत शोधा.

मुलाने तीनपैकी दोन वस्तू नव्या घरात नेल्या. पातं नेलं म्हणून कुलूप फिरतं. प्लेट नेली म्हणून दारं उघडतात. तिसरी जुन्या घरातच राहिली, आणि त्यात त्याचा दोष नाही, कारण ती वस्तूसारखी दिसतच नाही. जुन्या कव्हरचे दोन भाग उघडून पात्याच्या बुडाशी बघा. तिथे छोटा कप्पा असतो आणि त्यात एक काळा तुकडा रुतून बसलेला असतो, साधारण बारा मिलिमीटर लांब आणि सहा रुंद. तुमच्या वर्गातली पोरं पाटीवरच्या पेन्सिलीचा मोडका तुकडा खिशात जपून ठेवायची ना, अगदी तसा. ना तार, ना सेल, ना चकाकी. बघणाऱ्याला वाटतं, कव्हर हलू नये म्हणून घातलेली प्लास्टिकची पाचर आहे. काही किल्ल्यांत हीच चिप काचेच्या नळीत असते, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. काहींत ती प्लेटलाच डाख देऊन बसवलेली असते. तशी असती तर प्लेटबरोबर तीही गेली असती आणि तुमची गाडी लागली असती. म्हणजे तुमची चिप सुटी, वेगळी बसवलेलीच आहे.

तिचं काम हजेरीसारखं चालतं. स्टार्टरच्या कुलपाभोवती बारीक तांब्याच्या तारेचं एक कडं असतं. किल्ली फिरवली की ते कडं सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतं. चिपला स्वतःचा सेल नसतो, त्या लहरींवरच ती जागी होते आणि आपली ओळख सांगते. यादीत नाव असलं की इंजिनाच्या कॉम्प्युटरला होकार जातो. ‘हजर’ ऐकू आलं नाही की सेल्फ फिरत राहतो, पण इंजिन पकडत नाही, किंवा दोन सेकंद चालून बंद पडतं. पंप गेल्यावरही साधारण हेच होतं, म्हणून तुमच्या मेकॅनिकला मी फार बोल लावणार नाही. फरक डॅशबोर्डवर दिसतो. किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला एक दिवा स्विच ऑन केल्यावर क्षणभर लागून विझायला हवा. तो लुकलुकत राहिला तर दुखणं चिपचं.

खात्री करायला खर्च शून्य. नवी किल्ली स्टार्टरमध्ये घाला, जुनं कव्हर तिच्या डोक्याला टेकवून धरा आणि सेल्फ मारा. चिपची पोच दोन-चार सेंटिमीटर असते, तेवढी पुरते. गाडी लागली की तुमचे साडेचार हजार वाचले. मग तो तुकडा नव्या कव्हरच्या कप्प्यात हलवायचा. पण सांडशीने किंवा पकडीने ओढू नका, दाबाने तडकतो. जुनं कव्हरच कडेकडेने कापा. ते तसंही गेलेलं आहे.

महिन्याला अशा दोन-तीन किल्ल्या माझ्याकडे येतात. त्यातल्या निम्म्या लोकांनी जुनं कव्हर फेकलेलं असतं.

प्रश्न : काका, २०१७ ची सेकंडहँड ह्युंदाई घेतली. किल्ली एकच मिळाली, विकणारा म्हणतो दुसरी हरवली. शोरूममध्ये साडेसहा हजार आणि दहा दिवस सांगतात. हायवेवरचा एक किल्लीवाला अडीच हजारांत अर्ध्या तासात देतो म्हणतो. एवढा फरक का? आणि खरंच लागते का दुसरी किल्ली? माझं एकीवर चाललंय.
— आयटीतला एक तरुण, पिंपळे सौदागर

उत्तर : भावा, एकीवर चाललंय ते ती आहे तोवर. हातात एक चालू किल्ली असताना दुसरी करणं हे माझ्या दुकानातलं सोपं काम. हातात एकही नसताना पहिली करणं हे दुप्पट-तिप्पट पैशांचं आणि कधी कधी पूर्ण दिवसाचं. शिवाय उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी पहिल्याच भेटीत दोन्ही किल्ल्या मागते. एकच पुढे केलीस की दुसरी कुठे, कधी हरवली, कुणाला सांगितलंत, अशी उलटतपासणी सुरू होते. पोलिसांच्या वेबसाइटवर हरवलेल्या वस्तूंची नोंद करता येते, ती आजच करून प्रिंट कागदपत्रांत ठेव. विकणाऱ्याकडूनही ‘दुसरी किल्ली दिली नाही’ असं एका ओळीत लिहून घे.

आता भावातला फरक. दुसरी किल्ली दोन तऱ्हांनी होते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. एक म्हणजे नक्कल. तुझ्या चिपमधला नंबर वाचायचा आणि कोऱ्या चिपवर तोच लिहायचा. गाडीला कळतच नाही की किल्ल्या दोन झाल्या, ती दोघींना एकच समजते. स्वस्त, झटपट, गाडीला वायर लावायचीही गरज नाही, पण बऱ्याच नव्या सांकेतिक चिपांची, म्हणजे दर वेळी वेगळं उत्तर देणाऱ्यांची, नक्कल निघत नाही. दुसरी म्हणजे रीतसर नोंदणी, ज्याला सगळे ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणतात. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्याला मशीन लावायचं, गाडीचा गुप्त पिन कोड घालायचा आणि नव्या किल्लीचं नाव यादीत चढवायचं. शोरूमवाला चासी नंबरवरून कंपनीकडून किल्ली मागवतो आणि अशीच नोंदणी करतो, म्हणून दिवस लागतात. अडीच हजारवाला यातलं काय करणार आहे आणि रिमोट त्यात धरलंय का, हे आधी विचार. त्याने नीट उत्तर दिलं तर त्याच्याकडून करायला माझी हरकत नाही. मीही शोरूमवाला नाहीच की.

तुझ्या बाबतीत मी नोंदणीच सांगेन आणि त्याचं कारण तो हरवलेला जोड. ह्युंदाईसारख्या बऱ्याच गाड्यांत नोंदणीच्या वेळी मशीन जुनी यादी पुसतं आणि समोर असलेल्या किल्ल्या एकेक करून नव्याने चढवायला सांगतं. पहिली घाल, ऑन कर, काढ. दुसरी घाल, ऑन कर, काढ. जी टेबलावर नाही ती यादीतून गेली. म्हणजे विकणाऱ्याच्या चुलतभावाकडे ती किल्ली पडलेली असली तरी तिने इंजिन लागणार नाही. पण लक्षात ठेव, तिचं पातं अजून तुझं दार उघडतं. मशीन लोखंडाला काही करू शकत नाही. मनात शंका असेल तर दाराचं कुलूप वेगळं बदलून घे.

या यादी पुसण्यावरून एकदा माझ्यावरच बेतली. एकजण आला, म्हणाला एकच किल्ली आहे, दुसरी करा. केली. रात्री साडेनऊला त्याच्या बायकोचा फोन, “तुम्ही आमच्या गाडीला काय केलंत?” दुसरी किल्ली तिच्या पर्समध्ये होती आणि स्वारी ते विसरली होती. ती गाडी न्यायला म्हणून सांगलीहून एसटीने कोल्हापूरला आलेली, गाडी स्टेशनवर उभी. तेव्हापासून मी मशीन लावण्याआधी तीन वेळा विचारतो, घरात कुणाकडे आणखी किल्ली आहे का.

आणि अर्ध्या तासातल्या वाल्याला एक गोष्ट आवर्जून विचार, तो आधी बॅटरीचं व्होल्टेज बघतो का. मी बघायचो नाही. २०१४ च्या पावसाळ्यात एका गाडीचं काम चालू असताना मालकाने उजेडासाठी हेडलाइट लावून ठेवले. बॅटरी जुनी होती. मशीन साठ टक्क्यांवर आलं आणि स्क्रीन थिजली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि मग एकही किल्ली चालेना. आली होती ती चालू किल्लीसुद्धा. गाडी टो करून न्यावी लागली आणि चिपची हजेरी घेणाऱ्या नव्या इमोबिलायझर बॉक्सचं बिल मी भरलं. आता बारा व्होल्टच्या खाली काटा असेल तर आधी चार्जर लावतो, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

प्रश्न : हर्णैला समुद्रात पोहताना खिशातली किल्ली गेली. दोन्ही किल्ल्या एकाच रिंगमध्ये होत्या. गाडी तिथेच एका ओळखीच्यांच्या अंगणात लावून बसने परत आलो. काच फोडून उघडावी का?
— साताऱ्याहून एक वाचक

उत्तर : काच अजिबात फोडू नका. दार उघडणं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे.

दोन्ही किल्ल्या एका रिंगमध्ये, हे वाचून मी कपाळावर हात मारला. हरवण्याचं सोडा, चालवतानाही ते वाईट. दोन चिपा कड्याजवळ आल्या की दोघी एकदम बोलतात आणि गाडीला एकीचंही धड ऐकू येत नाही. कधी लागते, कधी नाही, आणि लोक बॅटऱ्या बदलत बसतात.

आता घरात शोधा. गाडी नवी घेतली तेव्हा किल्ल्यांबरोबर पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा एक छोटा बिल्ला मिळाला असेल, चार-सहा अक्षरं कोरलेला. बहुतेकांच्या घरी तो देवघरातल्या किंवा कपाटातल्या डबीत पडलेला असतो आणि कशाचा आहे हे कुणालाच माहीत नसतं. तो किल्लीचा नंबर आहे. त्यावरून पातं गाडी न बघताही कापता येतं. बिल्ला नसेल तर आरसी, तुमचं ओळखपत्र आणि चासी नंबर घेऊन शोरूमला जा, किंवा किल्लीवाल्याला हर्णैला न्या.

बिल्ल्याशिवाय पातं कसं काढतात हे माझ्या वडिलांकडे बघत मी शिकलो. ते लक्ष्मीपुरीत एका कोपऱ्यावर छत्रीखाली बसायचे. ॲम्बेसिडर, पद्मिनी, पुढे मारुती ८००. कोरी पितळी किल्ली कुलपात घालायची, जरासा ताण देऊन वरखाली हलवायची, बाहेर काढायची आणि उन्हात तिरपी धरायची. जिथे कुलपातली पत्ती अडते तिथे पितळेवर मोहरीहून बारीक चकचकीत ठिपका उमटतो. डोळ्याला घड्याळजीचं भिंग. ठिपक्यावर त्रिकोणी कानशीचे दोन हात, तिसरा नाही. परत आत, परत बाहेर. चाळीस-पन्नास फेऱ्यांनी एक क्षण असा यायचा की हाताला काहीच अडायचं नाही. त्या क्षणी ते बोलायचे नाहीत, नुसती मान हलवायचे. आता कुलूप वाचायची हत्यारं आणि कापायची कॉम्प्युटरची मशीनं आली, पण दाराच्या जुनाट, मिठाने खाल्लेल्या कुलपाला मी अजून कानसच काढतो. आणि तुमची गाडी कोकणात उभी आहे, म्हणजे मीठ धरून चाला.

पातं झालं की मग चिप. चालू किल्ली एकही नसल्याने पिन कोड लागतो, किंवा काही गाड्यांत डॅशबोर्डखालून इमोबिलायझरचा बॉक्स काढून त्याची मेमरी वाचावी लागते. दोन ते चार तास धरा. दोन किल्ल्या करून घ्या आणि एक आजच्या आज वेगळ्या घरात ठेवा. पॉलिसीही काढून बघा. कधीकाळी ‘की रिप्लेसमेंट’चं कव्हर घेतलं असेल तर काही खर्च परत मिळतो, मात्र कंपनीला आधी कळवायचं आणि पोलिसांकडची नोंद जोडायची.

प्रश्न : बटणस्टार्ट गाडी. महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी लावली, तासाभराने आलो तर दार उघडेना. कसंबसं उघडलं तर ‘की नॉट डिटेक्टेड’. मुलं थंडीत कुडकुडत होती. शेवटी एका टॅक्सीवाल्याने किल्ली बटणाला टेकवून गाडी चालू करून दिली. हा काय चमत्कार?
— नाशिकच्या एक वाचक

उत्तर : वहिनी, चमत्कार नाही. पण त्या टॅक्सीवाल्याला मी दुकानात घ्यायला तयार आहे. तुमच्या किल्लीतला सेल उतरला होता, थंडीत तो आणखी ढेपाळतो. सेल मेला तरी आत तीच बिनसेलची चिप असते, वरच्या बाईंच्या पेन्सिलीची बहीण, आणि तिची हजेरी घेणारं कडं बहुतेक गाड्यांत स्टार्ट बटणाच्या मागे दडवलेलं असतं. काहींत कपहोल्डरपाशी किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर. तुमच्या गाडीत कुठे आहे ते पुस्तिकेत बघून आत्ताच ठरवून ठेवा.

दारासाठी किल्लीच्या पोटात एक लोखंडी पातं असतं. बाजूची कळ सरकवली की निघतं. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर भोक दिसत नसेल तर ते झाकणाखाली आहे, पात्याच्याच टोकाने झाकण उचकटायचं. दार असं उघडल्यावर सायरन वाजू शकतो. घाबरू नका, गाडी चालू केली की थांबतो.

सेलवर ‘सीआर २०३२’ असं काही लिहिलेलं असेल. पहिले दोन आकडे व्यास, वीस मिलिमीटर. पुढचे दोन जाडी, ३.२ मिलिमीटर. म्हणून २०३२ च्या जागी २०२५ बसतो खरा, पण सैल, आणि खड्ड्यात गाडी आदळली की संपर्क सुटतो. नवा सेल मीटरवर तीन व्होल्टच्या वर दाखवतो. जुना सेल लगेच कचऱ्यात, आणि तोही चिकटपट्टी गुंडाळून. हे मी दरडावून सांगतो, कारण घरात लहान मूल असेल तर ही टिकली फार वाईट. घशात अडकली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

प्रश्न : आमच्या गल्लीतली शेजाऱ्यांची गाडी रात्री दारातून गेली. काच फुटली नाही, किल्ली घरातच होती. इथे सगळे किल्ली टिनच्या डब्यात ठेवायला सांगतात. खरं आहे का?
— हॅरो, लंडनहून एक मराठी कुटुंब

उत्तर : खरं आहे. इमोबिलायझर तुमच्याकडे १९९८ च्या ऑक्टोबरपासून नव्या गाडीत सक्तीचा आहे, त्यामुळे तिकडच्या चोराने तार जोडून गाडी पळवणं कधीच सोडलं. तो आता किल्लीलाच गाडीजवळ आणतो. म्हणजे किल्ली न हलवता. एकजण तुमच्या दाराशी यंत्र धरून उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. गाडीची हाक पहिल्याच्या यंत्रातून घरातल्या किल्लीपर्यंत जाते, किल्ली बिचारी प्रामाणिकपणे ‘हजर’ म्हणते आणि ते उत्तर गाडीपर्यंत पोचतं. कोड फोडावाच लागत नाही.

धातूच्या बंद डब्यातून ही हाक आत जात नाही. पण डबा झाकण घट्ट बसणारा हवा. आपला पोळ्यांचा स्टीलचा डबा कधी पास होतो, कधी नापास. परीक्षा सोपी आहे: किल्ली डब्यात घालून डबा हातात घ्या, गाडीला खेटून उभे राहा आणि हँडल ओढा. उघडली तर डबा बदला. दुसरी किल्लीही डब्यात, हे लोक विसरतात. काही गाड्यांत किल्लीविना उघडण्याची सोय सेटिंगमधून बंद करता येते, ती रात्री बंद ठेवा. आणि स्टिअरिंगला आडवा लोखंडी दांडा लावा. दिसायला गावठी, पण लहरींनी उघडत नाही.

प्रश्न : वारंवार ‘इमोबिलायझर’चा लाइट येतो. गॅरेजवाला म्हणतो, एक चिप स्टिअरिंगखाली कायमची चिकटवून देतो, मग कुठल्याही साध्या किल्लीने चालेल, ऐंशी रुपयांत डुप्लिकेट. करू का?
— बार्शीहून एक वाचक

उत्तर : नको. कड्याजवळ चिप चिकटवणं म्हणजे हजेरीपटावर आधीच सही करून ठेवणं. अमेरिकेत ह्युंदाई आणि किआच्या कितीतरी स्वस्त मॉडेलांत इमोबिलायझरच नव्हता. २०२१-२२ च्या सुमारास पोरांनी स्टिअरिंगचं आवरण तोडून यूएसबी केबलच्या टोकाने कुलूप फिरवून त्या गाड्या पळवल्या, व्हिडिओ बघून. तुमच्या गाडीत जे आहे ते नव्हतं म्हणून. लाइट येतोय तर कड्याचा कनेक्टर सैल आहे का, चिपला तडा आहे का, बॅटरी कमी पडते का, ते बघायला सांगा. माझ्या दुकानात बहुतेकदा कनेक्टरच निघतो.

प्रश्न : किल्ली वॉशिंग मशीनमधून धुऊन निघाली. तांदळात ठेवली आहे.
— डोंबिवली

उत्तर : तांदळाचा भात करा. किल्ली उघडा, सेल काढा (हे पहिल्या मिनिटाला करायचं होतं), प्लेट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा आणि पंख्याखाली दिवसभर ठेवा. हेअर ड्रायर नको. चिप बहुधा शाबूत असेल, म्हणजे गाडी लागेल. रिमोटचं नशीब साबणावर.

प्रश्न : रिमोट हनुवटीला लावून दाबलं की लांबून चालतं असं मित्र म्हणतो. थापा ना?
— कराड

उत्तर : थापा नाहीत, चालतं. डोक्यातल्या पाण्यामुळे लहरींना जरा जोर मिळतो. पण रोज हनुवटी लावावी लागत असेल तर सेल बदला.

प्रश्न : तुमच्या गावात आलो असताना किल्ली हरवली. तुमच्याच धंद्यातल्या एका दुकानदाराने आरसी दाखवल्याशिवाय किल्ली करणार नाही म्हणून चक्क परत पाठवलं. गाडी माझी, पैसे माझे, समोर उभा मी. हा माज नाही तर काय?
— एक संतप्त वाचक, बेळगाव

उत्तर : साहेब, तो दुकानदार मी नव्हे. पण असतो तर मीही परत पाठवलं असतं.

तीन वर्षांपूर्वी उद्यमनगरातल्या माझ्या दुकानात एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. पांढरी गाडी टोवर आणली होती. किल्ल्या हरवल्या, नवी करा, पुण्याला तातडीने जायचंय. आरसी बघितली तर नाव बाईंचं. म्हणाले, बायको. मी म्हटलं, फोन लावून द्या, दोन शब्द बोलतो. ती हॉस्पिटलमध्ये आहे म्हणाले. मग मेसेज करायला सांगा. त्यावर त्यांचा आवाज चढला, अगदी तुमच्या पत्रासारखा. माज, गिऱ्हाइकाची किंमत नाही, वगैरे. दुप्पट पैसेही काढले. मी टोवाल्याला चहा पाजला आणि गाडी परत पाठवली. रात्रभर वाटत राहिलं, खरंच बाई हॉस्पिटलात असेल तर?

चौथ्या दिवशी तीच पांढरी गाडी स्वतःच्या चाकांवर दुकानासमोर येऊन थांबली. उतरल्या त्या आरसीवरच्या बाई. किल्ली हातात. धडधाकट. टोच्या पावतीवरून माझ्यापर्यंत पोचल्या होत्या. कोर्टात काय चालू आहे ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “कुणी दुसरी किल्ली करून घेतली असेल तर ती बंद करता येते का?” मी आरसी आणि आधार बघितलं, चार्जर लावला, यादी पुसली, त्यांची एकच किल्ली परत चढवली. म्हटलं, इंजिनाचं झालं, पण पातं अजून दार उघडेल. तर दाराचं कुलूपही बदलून गेल्या.

माझी नोंदवही उघडीच असते. तारीख, गाडी नंबर, आरसीवरचं नाव, सही. त्या पानावर बाईंची सही आहे आणि चार ओळी वर त्या गृहस्थांच्या गाडीचा नंबर, सहीची जागा मोकळी. तुमची किल्ली अजून झाली नसेल तर या. आरसी गाडीतच अडकली असेल तर फोनवर डिजिलॉकरमधली दाखवा, तीही चालते.